समान ऐकू येण्याचा ठराव

साकीनाक्याच्या गाळ्यात स्पीकरवाल्याने पहिलाच प्रश्न विचारला, "खोली केवढी आहे?" आणि माझं डोकं फिरलं.

हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले आहे. शाळेत बाईंनी विचारला, नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी विचारला, मुलगी बघायला आलेल्यांनी तर चहाचा कप हातात घ्यायच्या आधी विचारला. खोली केवढी, म्हणजे माणूस केवढा. मी त्याला म्हटलं, "खोली केवढी का असेना. लहान खोलीत राहणाऱ्यांनी हळू आवाजात ऐकायचं, असा कायदा आहे का?"

तो गांगरला. म्हणाला, "तसं नाही हो बाई. हे जमिनीवर उभे राहणारे स्पीकर आहेत. मोठे घेतले आणि खोली लहान असली तर आवाज घुमतो. तुम्ही हे बारके घ्या ना."

माझ्याबरोबर मंडळातला एक सोबती होता, मरोळच्या एका कारखान्यात फिटर. तो माझ्या कानाशी म्हणाला, "अगं, तो विकायला बसलाय. भांडायला नाही." पण मला मंडळाची पत्रकं लिहायची सवय. एकदा वाक्य जमलं की ते मला मागे घेता येत नाही.

वाजवून बघायला कॅसेट हवी होती आणि माझ्या पिशवीत एकच होती, कारखान्यासमोरच्या आमच्या गेटसभेतल्या भाषणांची. शेजारी करवत चालू होती, पलीकडे कोणीतरी पत्रा ठोकत होतं. बारक्या स्पीकरमधून भाषण आलं ते घरातल्या घरात बोलल्यासारखं. मग त्याने मोठे लावले, माझ्या कमरेएवढे, फळीचे, काळं कापड ताणलेले. त्यातून "बंधूंनो आणि भगिनींनो" असं निघालं आणि मला समोर मैदान दिसायला लागलं. करवतसुद्धा ऐकू येईनाशी झाली. "हेच," मी म्हटलं. गाणं ऐकण्यासाठी घ्यायचे स्पीकर आम्ही भाषण लावून निवडले. यात काही चुकतंय असं दोघांपैकी एकालाही वाटलं नाही. सोबती फक्त एवढंच म्हणाला, "झकास आहेत यार, पण टेम्पो लागेल."

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. अंधेरी पूर्वेला आमच्या वसाहतीत मंडळाला तळमजल्यावरची एक खोली मिळाली होती. दहा बाय बारा. कोणी म्हणालं कॅरम ठेवा, कोणी म्हणालं शिवणवर्ग काढा. मी म्हटलं, ऐकण्याची खोली करू. आमच्याकडे एका घरात सात माणसं, एक रेडिओ, त्यावर कुकरची शिट्टी आणि शेजारच्यांचं भांडण. एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत कधी कोणी ऐकलेलं नाही. "शांतपणे ऐकणं ही काय फक्त बंगलेवाल्यांची मिरास आहे?" असं पत्रक मी काढलं. लोकांनी वर्गणी दिली. कॅसेट डेक आणि अॅम्प्लिफायर जुने मिळाले, स्पीकर तेवढे नवीन.

पण पत्रकात मी जे लिहिलं नाही ते असं, की ती खोली मला माझ्या बाबांसाठी हवी होती.

बाबा गिरणीत साचेखात्यात होते. तिथे माग धडधडत असतात आणि कामगार एकमेकांशी ओठांच्या हालचालीने आणि हातवाऱ्यांनी बोलतात. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांच्या हातात काही आलं नाही, पण कान आधीच गेले होते. डावा पार गेलेला, उजव्यात थोडी धुगधुगी. आता ते मरोळच्या औद्योगिक वसाहतीत वॉचमन आहेत. त्यांचं दुःख गिरणीचं नाही. ते शनिवारच्या भजनात मृदंग वाजवायचे, गावापासूनचा हात. हळूहळू ताल सुटायला लागला. भजनाच्या बुवांना ते कळत होतं, पण बोलवेना. शेवटी एका शनिवारी ते म्हणाले, "आज तू टाळ घे." बाबांनी टाळ घेतले. पुढच्या शनिवारपासून भजनाला जाणं बंद. मृदंग माळ्यावर चढला. मला वाटलं, चांगल्या मोठ्या स्पीकरसमोर ते बसले तर ऐकू येईल, ऐकू आलं तर हात परत येईल. माझं गणित इतकं सरळ होतं.

स्पीकर आले त्या दिवशी बायकांनी त्यांना हळदीकुंकू लावलं, एकीने हार घातला. मी तोंड वाकडं केलं. मग ते कुठे ठेवायचे यावर बैठक झाली. आमच्याकडे बैठकीशिवाय खिळासुद्धा ठोकत नाहीत. मी ठराव मांडला: सर्वांना समान ऐकू यावं, म्हणून एक स्पीकर बायकांच्या बाजूला आणि एक पुरुषांच्या बाजूला. हात वर झाले. ठराव एकमताने पास.

अभंगांची कॅसेट लावली. बायकांच्या बाजूला नुसता मृदंग आदळायला लागला. गाणारा होता, पण तो कुठेतरी भिंतीपलीकडे असल्यासारखा. पुरुषांच्या बाजूला गाणारा छान मोकळा, पण मृदंग नाही. थोडा वेळ सगळे सभ्यपणे बसले. मग आमच्या मजल्यावरची एक काकू म्हणाली, "गाणं तिकडे दिलंत आणि बडवणं इकडे. घरी काय वेगळं चालतं?"

सगळी खोली हसली. मी डेक उघडून बघितला, वायरी उलटसुलट करून बघितल्या. मग मृदंग पुरुषांकडे गेला आणि गाणं आमच्याकडे आलं. आता पुरुष कुरकुरायला लागले. सोबती म्हणाला, "दर आठवड्याला वायरी बदलू. आळीपाळीने." ते मला पटलंसुद्धा, हे आज लिहितानाही लाज न वाटता सांगते. तत्त्व बरोबर होतं. पण मग आवाज असा का वागतो, ते कळेना.

समोरच्या सोसायटीतल्या काकांना बोलावलं. ते बँकेत अधिकारी, घरी रेकॉर्ड ऐकणारे. त्यांनी स्पीकर बघितले, खोली बघितली आणि कपाळाला हात लावला. "अगं, कॅसेट स्टिरिओ आहे. निम्मं एका खोक्यातून येतं, निम्मं दुसऱ्यातून." मग सुतळी मागितली. दोन्ही स्पीकर एकाच भिंतीकडे आणले, भिंतीपासून हातभर पुढे ओढले, थोडे आत वळवले. सुतळीने मापून समोर एक खुर्ची ठेवली.

"स्पीकर, स्पीकर आणि खुर्ची. तिन्ही अंतरं सारखी. इथे बस."

मी बसले. आणि खरंच सांगते, गाणारा माझ्यासमोर हवेत येऊन बसला, मृदंग त्याच्या एका बाजूला, झांज दुसऱ्या. मी उठून शेजारी सरकले तर सगळं पुन्हा एका कोपऱ्यात गोळा झालं.

"बाकीच्यांना असं कुठे ऐकू येणार?" मी विचारलं.

"बाकीच्यांना ऐकू येईल की. पण हे असं, फक्त या खुर्चीत."

"म्हणजे एकट्यालाच?"

"एकट्यालाच."

"काका, ही सिंहासनाची व्यवस्था झाली."

"अगं, आवाजाचा स्वभावच आहे तो. मी काय करू? आणि खोलीच्या मानाने हे स्पीकर फार मोठे घेतलेत तुम्ही. कोणी निवडले?"

मी सुतळी गुंडाळायला लागले. मला कोणावर रागवायचं तेच समजेना. मालकावर रागवता येतं, म्युनिसिपालिटीवर येतं. आवाजावर कसं रागवणार?

पुन्हा बैठक. खुर्चीवर पाळी लावली, एकाने एक अभंग ऐकायचा आणि उठायचं. बाकीचे रांगेत, भिंतीला टेकून. काकू म्हणाली, "यापेक्षा नळ परवडला. तिथे निदान भरून तरी मिळतं."

बाबांची पाळी मी मुद्दाम पहिली लावली होती. ते ड्युटीचा शर्ट बदलून आले. खुर्चीत ताठ बसले, हात मांडीवर. काका त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, मी बघत होते. अभंग संपला. बाबा म्हणाले, "बरा आसा." आणि दुसऱ्याला जागा दिली. बरा आसा. घरी आमटी बिघडली तरी ते हेच म्हणतात. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. एका कानाच्या माणसाला ते तिन्ही अंतरांचं प्रकरण काय कामाचं, हे माझ्या डोक्यात तोपर्यंत आलंच नव्हतं.

मग जे झालं ते कोणी ठरवून केलेलं नाही. संध्याकाळी लोक गेल्यावर मी झाडायला म्हणून एक स्पीकर कोपऱ्यात सरकवला होता. कॅसेट चालूच होती. आवाज तिथे असा घुमायला लागला की खिडकीची काच थरथरली. बाबा मला जेवायला बोलवायला आले. दारातच थांबले. मग आत येऊन त्या कोपऱ्यात जमिनीवर बसले, पाठ भिंतीला, खांदा स्पीकरला. मी काही बोलायला गेले तर हाताने थांबवलं. त्यांची बोटं गुडघ्यावर चालायला लागली.

"हयसर ऐकाक येता," ते म्हणाले. "पाठीतसून."

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही स्पीकर कोपऱ्यांत घातले. बैठक न घेता. वायरी खिळ्यांनी पक्क्या केल्या.

संध्याकाळी वाट लागली. मृदंगाची डावी बाजू सगळ्यांच्या पोटात वाजायला लागली आणि गाणाऱ्याचा एक शब्द कळेना. बायका डोकं धरून बाहेर गेल्या. काका दारातून म्हणाले, "हे कोणी केलं? याहून वाईट जागा या खोलीत नाही." आणि चप्पल घालून परत गेले. सोबत्याने मला पायरीवर गाठलं.

"काय गं, सिंहासन नको म्हणालीस ना तू? मग हे काय आहे?"

"त्यांचे कान गिरणीने घेतलेत."

"ते सगळ्यांना माहीत आहे. पण वर्गणी सगळ्यांची आहे. ठराव तूच मांडलास, समान ऐकू यावं म्हणून."

"समान म्हणजे काय पण? ज्याला कमी येतं त्याला जास्त नको?"

"मग तसा ठराव मांड ना. गुपचूप खिळे काय ठोकतेस?"

मी घरी गेले आणि पत्रक लिहायला बसले. "गिरणीने घेतलेले कान" असं मथळ्याला घातलं. पहिला परिच्छेद फर्मास उतरला. दुसऱ्यात बाबांचा शनिवार घातला, टाळ घातले. तिसऱ्यात मागणी घालायची होती आणि मागणी काय, ते सुचेना. कोणाकडे मागायचं? बायकांकडे डोकेदुखी मागायची?

बाबांनी कागद बघितला. ते वाचतात हळू, पण सगळं वाचतात.

"माझ्या कानांचा पत्रक काढू नको," ते म्हणाले. "आणि ते खोके जाग्यार ठेव. बायकांचा डोक्या दुखता."

"मग तुमचं काय?"

"माका दुपार चलात. दुपारी कोण येता थयसर?"

म्हणून बाबांची रात्रपाळी असली की दुपारी आम्ही दोघं जाऊन एक स्पीकर कोपऱ्यात ढकलायचो आणि संध्याकाळच्या आत परत सुतळीच्या मापावर आणायचो. बाबांनी मृदंग माळ्यावरून काढला. पुडीवरची शाई तडकली होती, वाद्या सैल पडल्या होत्या. ते सगळं त्यांनी केलं आणि कॅसेटबरोबर वाजवायला लागले. पहिल्याच दिवशी अभंग संपल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "बरोबर येता मां?"

आणि मला ते कळत नव्हतं. ताल चुकला की बरोबर, हे मला कधीच कळलेलं नाही. शाळेत प्रार्थनेच्या रांगेतून मला बाजूला काढायचे. मी बरोबर म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता आणि चुकत असते तर शनिवारी भजनात पुन्हा टाळ घ्यावे लागले असते. मी म्हटलं, "बाबा, मला कळत नाही." त्यांनी माझे ओठ वाचले. म्हणाले, "मगे त्या बँकवाल्याक बोलव."

काका रुसलेले होते, पण आले. कोपऱ्यातला स्पीकर बघून त्यांनी डोळे मिटून घेतले, एखाद्याने अंगावर पाणी उडवल्यासारखे. मग ऐकलं. बराच वेळ मान हलवत होते. कॅसेटची बाजू संपली, बटण खटकन वर आलं आणि बाबांचे हात तिथल्या तिथे थांबले.

"तालात आहेत," काका म्हणाले. "पण भिंत वाजतेय तोवर. भजनात ही भिंत कुठून आणणार?"

त्यांनी त्या खोक्यावर टिचकी मारून बघितली. मग काकाच, जरा नाइलाजाने, म्हणाले, "तुमच्याकडे सभेचा माइक आहे ना? बुवा माइकवर गायले तर त्यांचा आवाज यातून निघेल, भिंत वाजेल. फक्त भजन इथे बसवावं लागेल. आणि हे इथेच ठेवावं लागेल." त्या 'इथेच'वर त्यांचा जीव किती दुखला ते दिसत होतं.

मी ठराव मांडला नाही. दारोदार जाऊन विचारलं, शनिवारी एक संध्याकाळ चालेल का. काकू म्हणाली, "शनिवारी मी तशीही उपास करते, डोकं दुखलेलं असतंच."

बुवा आले. माणसं आत मावेनात. माइक लावल्याबरोबर असा चीत्कारला की दोघंजण टाळ टाकून उठले, सोबत्याने धावत जाऊन आवाज कमी केला. बाबा कोपऱ्यात, पाठ भिंतीला, मृदंग पुढ्यात. मी दारात उभी होते आणि मला काहीच समजत नव्हतं, हे जमणार आहे की सगळ्यांसमोर पुन्हा तेच होणार आहे. समजा तेच झालं, तर ते माझ्यामुळे झालेलं असणार.

बुवांनी मांडी घालायला जागा शोधली, मिळाली नाही. ते वैतागले. "अरे, हे खोके आधी बाहेर काढा. माणसांनी बसायचं कुठे?"

बाबांनी बुवांचे ओठ बघितले. मृदंगावर थाप मारून शाई तपासली.

"खोके हयसरच रवतले," ते म्हणाले. "तू वायच सरक."