टोपी-टॉवेल म्हणजे भाडं का?

मोटारीच्या विम्यावर मी लिहावं हे धाडसच आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मी जळगावच्या कॉलेजात शिकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दुपारी एका विमा एजंटाच्या ऑफिसात क्लार्कचं काम करतो. मोटार मी अजून चालवलेली नाही. तरी घडलं ते कोणाच्या उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून लिहितो.

धरणगावचे नाना कापूस पिकवतात. त्यांनी सेकंडहँड मोटार घेतली आणि विमा उतरवायला आमच्याकडे आले. आमचे एजंट भाऊसाहेब तीन कंपन्यांचं काम पाहतात. मी प्रपोजल फॉर्म, म्हणजे विम्याचा अर्ज, भरायला घेतला. त्यात एक प्रश्न असतो: गाडी स्वतःसाठी की भाड्यानं देण्यासाठी? ‘स्वतःसाठी’ लिहिलं आणि भाड्यावर असताना अपघात झाला, तर कंपनी दुरुस्तीचा खर्च देत नाही.

“नाना, गाडी भाड्यानं देता?”

“भाडं? छे! फक्त गावना नवरदेव बठतस. बठ्ठा गावमा एकच गाडी शे ना भो!”

“ते काही देतात का?”

“टोपी, टावेल, नारळ. नही लिधं तर त्यास्ले राग येस.”

माझं पेन थांबलं. हे भाडं की मान?

भाऊसाहेब हसले. “अरे, टोपीला कोण भाडं म्हणतं? प्रायव्हेट लिही आणि मोकळा हो.”

“पण साहेब, कंपनी ह्यालाच भाडं म्हणाली तर?”

“मग कंपनीलाच विचार!”

ते थट्टेनं म्हणाले होते. मी खरंच विचारलं. तिन्ही कंपन्यांना इंग्रजीत पत्रं टाकली. ‘मान’ला नेमका इंग्रजी शब्द सापडेना, त्यात तीन ओळी गेल्या.

पहिल्या कंपनीकडून उत्तराऐवजी रंगीत कॅलेंडर आलं. दुसरीनं पत्र पोचल्याचं कळवलं, एवढंच. तिसरी कंपनी लहान. तिनं चार ओळींत लिहिलं: अशी भेट म्हणजे भाडं नव्हे, पेट्रोलचे पैसे मात्र घेऊ नयेत, तसं पॉलिसीला चिठ्ठी जोडून लेखी देऊ.

मी तिसरी सुचवली. नानांचं मन कॅलेंडरवर.

“ह्या कंपनीनं नाव भी कोनी आयकेल नही!”

“नाना, पण हिनं लेखी दिलंय.”

“बुडनी तर तुलेच धरसू!” म्हणत नानांनी शेवटी तिसरीच्याच फॉर्मवर सही केली.

उन्हाळ्यात वरातीच्या बँडला एक बैल बुजला. त्याला वाचवताना गाडी नाल्यात गेली. रेडिएटर फुटला, मडगार्ड आत गेलं. नवरदेवाचं फक्त बाशिंग वाकलं; त्याला बैलगाडीतून मांडवात पोचवलं.

कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान पाहणारा माणूस, आला. मीही कागद घेऊन हजर होतो.

“लग्नाची गाडी? भाडं किती घेतलं?”

नानांनी डोक्यावरची कोरी टोपी काढून पुढे धरली. “हाई!”

सर्व्हेअर हसला नाही. त्यानं ते लिहून घेतलं. मी पॉलिसीची चिठ्ठी दाखवली, तेही लिहून घेतलं. “कळवू,” म्हणाला आणि गेला.

कंपनीचं पत्र येईपर्यंत गॅरेजवाला गाडीला हात लावेना. माझी परीक्षा झाली, कशी झाली ते विचारू नये. सुट्टीला गावी गेलो. तिथे भाऊसाहेबांचं कार्ड आलं:

“क्लेम मंजूर. चिठ्ठी कामी आली. गॅरेजवाल्यानं काम धरलं. यापुढे अडचणीचा प्रश्न आधी विचारायचा आणि सरळ उत्तर देईल त्याच कंपनीचा फॉर्म भरायचा. सुट्टी पुरे झाली. नानांचे दोन व्याही मोटारींचे कागद घेऊन ऑफिसात बसलेत, आणि त्यांना साहेब नको, पत्र लिहिणारा पोरगा हवाय.”