अण्णा प्यायचे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या नात्यातले नाही — आणि कारण आता मला भीती वाटते. कसली, तेही सांगतो. जरा दमानं घेतो.

आमचे अण्णा बिबवेवाडीतल्या एका शाळेत गणित शिकवायचे. साध्या सुपारीचंसुद्धा व्यसन नव्हतं माणसाला. पन्नाशीत त्यांचे हातपाय आपोआप हलायला लागले. हातातला खडू उडायचा, चालताना झोक जायचा. घरात सगळ्यांनी वात ठरवला, तेल चोळलं. शेवटी मी एकटाच त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. पूर्वी म्हणे नुसत्या लक्षणांवरून अंदाज बांधायचे. तेव्हा रक्ताची तपासणी नवीनच निघाली होती. अण्णांना बाहेर बसवून डॉक्टरांनी मला सांगितलं — हंटिंग्टन. पिढीजात. प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी. गोळ्यांनी हालचाली कमी होतील, आजार जाणार नाही. आणि म्हणाले, बहिणीला लग्नाआधी सांगा.

बहिणीचं, सुनंदाचं, लग्न ठरतच होतं. मी रिपोर्ट घडी करून खिशात घातला. गोळ्या पित्ताच्या म्हणून अण्णांना दिल्या. घरात चकार शब्द काढला नाही.

मग मुलाकडची मंडळी आली. चहाचा ट्रे पुढे करायला अण्णा उठले, झोक गेला, कप मुलाच्या मामांच्या अंगावर. मामांनी मला गॅलरीत नेलं आणि विचारलं, हे काय आहे? घराण्यात काही आहे का? — तुम्ही काय सांगितलं असतं? मी म्हणालो, "घेतात थोडी."

तोंडातून निसटलं नाही. विचार करून म्हणालो. पिणाऱ्या बापाची मुलगी खपते, पिढीजात आजाराची खपत नाही — हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागतं का?

मामा माणूस भला. आत येऊन त्यांनी सगळ्यांसमोर अण्णांना समजावलं, मुलीसाठी तरी सोडा. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. आजाराचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, पण मी काय केलंय आणि कशासाठी, ते त्यांना कळलं. हात मांडीखाली दाबून ते म्हणाले, "सोडतो अहो. आजपासून सोडली."

कन्यादान काकांनी केलं. अण्णांना मीच मांडवात पुढे येऊ दिलं नाही. पुढे ते गेले, तेही दारुडे म्हणूनच.

आता भीतीचं. मी स्वतःचं रक्त कधी तपासलं नाही. रोज सकाळी शर्टाची बटणं लावताना बोटांकडे बघतो. साठी उलटली — मी सुटलो बहुतेक. पण ती?

गेल्या रविवारी सुनंदा वारज्याला आमच्याकडे आली होती. मंडईतून आणलेला मटार सोलायला बसली. दाणे ताटात कमी, फरशीवर जास्त. बोटं आपली आपण नाचत होती. तिच्या मुलीला आता स्थळं सांगून येताहेत. अजून तिला डॉक्टरांकडे नेता येईल, भाचीला खरं सांगता येईल — फक्त मी तोंड उघडायला हवं.

तेवढ्यात सुनंदाच म्हणाली, "दादा, घरी म्हणतात बापावर गेलीस, लपून घेतेस. अण्णा खरंच प्यायचे का रे?"

मी हो म्हणालो.