बहिणीच्या लुगड्याचा लाल

माझी मोठी बहीण भामरागडकडं दिली होती. तिचा नवरा गेला तेव्हा जावांनी तिचं लग्नातलं लाल लुगडं परस्पर देऊन टाकलं, तिला विचारलंसुद्धा नाही. पुढं ती अंथरुणाला खिळली तशी मला म्हणाली, "तू भिंतीवर एवढी चित्रं काढतं. मले एकडाव त्या लुगड्यात काढून दाखव."

आता मी भिंती रंगवणारी बाई, माझा सगळा संसार गेरूवर. पण तिचं चित्र टिकायला पाहिजे म्हणून लाकडी फळीवर काढायचं ठरवलं आणि चंद्रपूरहून ॲक्रिलिकच्या ट्यूबा आणल्या. दुकानदारानं विचारलं, "बाई, कोणता लाल? नारंगीकडचा का जांभळीकडचा?" मी नारंगीकडचा घेतला. लुगडं तसंच होतं, निवड काही चुकली नाही.

चुकला तो हात. गेरू ओला असला की गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो, म्हणून आम्ही तो कालवतानाच दोन बोटं गडद कालवतो. तेच मी इथं केलं, लालात थोडा काळा घातला. ॲक्रिलिकची रीत उलटी, वाळलं की आणखीच गडद होतं. तासाभरात लुगडं काळपट झालं. तरी मी मनाला सांगत राहिली, अजून पुरतं वाळलं नसेल, उद्या उजळेल. भिंती उजळतात ना तशी. आभाळ भरून आलेलं, रस्ता कधी बंद होईल नेम नाही, म्हणून तशीच फळी कापडात गुंडाळून अहेरीहून बस धरली.

बहिणीनं चित्र पाहिलं. लई वेळ पाहिलं.

"हे माहं लुगडं नोहोय," ती म्हणाली. "वाळल्या रगतावानी दिसून राह्यलं. फिरव तिकडं."

मी म्हटलं, "बाई, पांढऱ्याचा हात मारून पुन्हा रंगवतो न मी."

"रंगव मंग," म्हणाली, आणि कूस बदलली.

फळी तिथंच भिंतीकडं तोंड करून ठेवली, घरी येऊन दुसरी ट्यूब आणली. तोवर नदीनं रस्ता तोडला. बहीण गेल्याचं फोनवरच कळलं.

वाट मोकळी झाल्यावर गेली, तर तेच चित्र भिंतीवर, त्याला हार घातलेला. मी ते दाखवलं तेव्हा भाचा शेतावर होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. चहा देता देता म्हणाला, "मावशे, रंग किती शोभते मायले. तिले आवडलं होतं न?"

"हो," मी म्हटलं.