फक्त तिलाच विचारलेला प्रश्न

ती नोकरी त्या मुलीला मिळायला हवी होती की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. कारण मी ते तपासलंच नाही. माझी चूक ती आहे.

घाटंजीजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी व्यवस्थापक आहे. मागच्या हंगामाआधी वजनकाट्यावर, म्हणजे कापसाच्या गाड्या मोजून पावती देण्याच्या कामावर, माणूस घ्यायचा होता. शेवटी दोघं उरले. मुलगा नेरच्या बाजूचा. आमच्याकडे मुलाखत 'कोन्त्या गावचा?' इथूनच सुरू होते. त्याचं गाव माझ्या मामाच्या गावाला लागून निघालं. मग तिथली जत्रा निघाली, ओळखीची माणसं निघाली, चहा आला. तो मोकळा बोलला आणि मला हुशार वाटला.

मुलगी बी.कॉम. झालेली, संगणक शिकलेली. तिनं आपल्या बंजारा तांड्याचं नाव सांगितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "ऐन हंगामात ऊसतोडीले तं नाही ना जाशीन?"

"नाही साहेब. आमच्या घरचं कोणीच जात नाही. आमचाच कापूस राहते."

त्यानंतर ती जपून, तुटक बोलली. आत्मविश्वास कमी आहे, असं मी ठरवून टाकलं. मुलाला घेतलं. तो काम चोख करतो, त्यामुळे मला कधी काही खुपलंही नाही.

दिवाळीनंतर फिटरची जागा भरायची होती. बोलता बोलता मी म्हणालो, "आपण सगळ्यायले सारखंच इचारतो."

आमच्या हिशेबाच्या बाई त्या दोघांच्या मुलाखतीच्या वेळी त्याच खोलीत बसलेल्या होत्या. त्या हसल्या. "सारखं? साहेब, तिले इचारलं, पळून जाशीन का. त्याले इचारलं, चहात साखर किती."

मीही हसलो. दुपारी जेवणाचा डबा मात्र तसाच राहिला. माझ्या मनात कोणाबद्दल वाईट नाही, एवढ्यावर मी इतकी वर्षं निर्धास्त होतो. ज्यांना मी असंच घरी पाठवलं असेल, त्यांचे चेहरेही आता आठवत नव्हते. हिचा आठवत होता.

ती बसस्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानात असते, हे बाईंनीच सांगितलं. दोन वेळा मी दुकानावरून तसाच पुढे गेलो. तिसऱ्यांदा थांबलो. तिनं ओळखलं. हातातलं काम ठेवून म्हणाली,

"जागा निघाली का साहेब?"

"नाही."

"मंग कायले आले?"

"तो ऊसतोडीचा प्रश्न मी फक्त तुलेच इचारला होता. तुह्या तांड्याचं नाव ऐकून. माहं चुकलं. मले माफ कर."