दांड्याला बांधलेला लाल दोरा

अर्जदार : मी, कचेरीच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहिणारा, शिक्षण, मराठी चौथी. गैरअर्जदार : मीच. घटनेचा दिवस : दसरा. ठिकाण : करंजाहून रेवसला जाणारी लाँच, भर खाडीत. साक्षीदार : लाँचचे मालक, टोपली घेऊन बसलेली एक कोळीण, आणि इंजिनवाला, ज्याची साक्ष कोणी घेतलीच नाही.

आदल्या दिवशी, खंडेनवमीला, इंजिनाची पूजा झाली. इंजिनवाला घरी गेला होता. लिहिणारा माणूस म्हणून हार घालण्याचा मान मालकांनी मला दिला. रॉकेलच्या टाकीतून एक पितळी दांडा वर आलेला असे. त्याच्या तळाशी बूच होते; जितके तेल, तितका दांडा वर. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि विचारणे कमीपणाचे वाटले. दांडा जेमतेम चार बोटे वर होता. हार ठळक दिसावा म्हणून मी तो पूर्ण वर ओढला आणि अर्ज शिवायच्या लाल दोऱ्याने छताच्या कडीला बांधला. दोरा झेंडूंत झाकून गेला.

"वा, टाकीही भरलेली!" मालक म्हणाले. मी जाणत्यासारखी मान डोलावली.

दसऱ्याला भर खाडीत इंजिन थांबले. इंजिनवाल्याने टाकीत काठी घातली; ती कोरडी निघाली.

"दांडा वर हाय, आन् टाकीत टिपूस न्हाय! शेठ, मला वाटलं तुम्हीच भरलीत."

"मी? काल मी भरलेली पाहिली. रात्रीत तेल कुणाला विकलेस?"

"तेल न्हाय तर त्या दादांची शाई वता त्यात!" कोळीण म्हणाली. सारे हसले.

मला मात्र झेंडूंतून दोरा दिसला होता. "निर्माल्य झाले," असे म्हणून मी हार दोऱ्यासकट ओढून खाडीत टाकला. दांडा खाडकन खाली बसला.

"पाहा! चोरी झाकायला दांडा अडकवला होता!" मालक ओरडले.

इंजिनवाला माझ्याकडे वळला. "दादा, पूजेला तुम्ही व्हतात. काय अडकलं व्हतं, सांगा की."

"यंत्रातले मला काय कळते?" मी म्हणालो.

त्याच सायंकाळी त्याच्याविरुद्धची मालकांची तक्रार मी सुवाच्य अक्षरात लिहिली आणि त्याच रिळाच्या लाल दोऱ्याने शिवली. त्याचे काम गेले. वर्षाने मी मालकांपाशी खरे बोललो, तेव्हा इंजिनावर दुसरा माणूस होता आणि जुन्या इंजिनवाल्याचे बिऱ्हाड गावातून उठले होते.

सबब, इंजिनवाले, आपणांस नम्र विनंती की, आपण जेथे असाल तेथून या अर्जाचा निकाल द्यावा. निकाल शिवीच्या रूपाने असला तरी मान्य आहे. उत्तर मात्र यावे.