तीन प्लग आणि अकराची सुनावणी

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकते. आमच्या संघटनेच्या पत्रकात आम्ही असं कधी लिहीत नाही. तिथं पहिल्या ओळीतच समोरच्याची कॉलर धरायची असते.

आमच्या गल्लीत एक मावशी राहतात. आईची मैत्रीण, म्हणून मावशी. त्यांचा जन्म निंदण-खुरपणात, कापूस वेचण्यात आणि वीटभट्टीवर गेला, त्यात अंगठ्याच्या रेषाही गेल्या. रेशनच्या यंत्रावर त्यांचा अंगठा उठेना. बोट पुसून पाहिलं, तेल लावून पाहिलं, चुलीची राख लावून पाहिली. यंत्र नाहीच म्हणालं. पुढे नाव यादीतून कापलं गेलं आणि धान्य बंद झालं. म्हणजे बाईनं कष्ट केले, याचीच शिक्षा. मी अर्जावर अर्ज लिहिले, तेव्हा कुठं कागद आला: सोमवारी सकाळी अकरा वाजता तालुक्याला स्वतः हजर राहावे, डोळ्यांवरून ओळख पटवली जाईल, गैरहजर राहिल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल.

मावशींचे गुडघे कामातून गेलेले. सकाळी सातला एसटी असते, पण तिची पायरी चढायची म्हणजे दोन माणसं खालून आणि एक वरून लागतं. मी जोरात सांगून टाकलं, एसटीचं नावच काढू नका, बाबांची गाडी आहे, मी नेते.

गाडी होती. जुनी, छोटी, पेट्रोलवर चालणारी, तीन सिलिंडरची. बाबा आईला घेऊन लग्नाला गेले होते आणि गाडी मुद्दाम ठेवून गेले होते, कारण ती झटके देत होती. शनिवारी मी ती कशीबशी फाट्यावरच्या गॅरेजपर्यंत नेली. चढावर धाप लागल्यासारखी थांबत होती. गॅरेजवाल्यानं बॉनेटसुद्धा उघडलं नाही. माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "बापाले पाठव. हे पोरीच्या समजातली गोष्ट नोहे." बाप मंगळवारी येणार आहे म्हटलं, तर मंगळवारीच आण म्हणाला.

मी बुलडाण्याच्या मोर्चात पोलिसांशी हुज्जत घातलेली मुलगी. या माणसापुढं मात्र मी गाडी मागं वळवली, कारण इंजिनातलं मला खरंच काही कळत नव्हतं. घरी येईपर्यंत रागानं कान गरम झाले होते. सायकलच्या पंक्चरपासून ट्रॅक्टरपर्यंत पोरांच्या हातात पाना आपोआप येतो. आमच्या हातात झाडू देतात आणि मग म्हणतात, हिला काय समजते.

रविवारी मैत्रिणीची स्कूटी घेऊन जानेफळ गाठलं. तिथं एका चाचांचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. चाचांनी बापाची चौकशी केली नाही. गाडीची केली. थंडीत सुरू व्हायला त्रास देते का, चढावर अडते का, मागून पेट्रोलचा वास येतो का. मी हो, हो, हो म्हणत गेले. ते म्हणाले, प्लग असतील, आधी ते बदलून पाहा, मग पुढचं. तीन प्लग दिले आणि लांब नळीसारखा प्लगपाना नुसत्या भरवशावर दिला. जुना प्लग कसा सोडवायचा, नवा आधी बोटांनीच कसा फिरवत बसवायचा, अडला तर जोर न लावता परत काढायचा, नाहीतर आटे जातात, हे सगळं त्यांनी एका भंगार इंजिनावर करून दाखवलं. निघताना पुन्हा हाक मारली.

"बेटा, एक काढायचा, एक बसवायचा, मंगच दुसऱ्याले हात लावायचा. तिन्ही संगं उघडले तं रडत बसशील."

मी मान हलवली. आणि ऐकलं नाही.

सोमवारी साडेसातला बॉनेट उघडलं. एसटी गेली होती. इंजिनावर ओळीनं तीन प्लग, प्रत्येकावर काळी जाड वायर, तिन्ही वायरी बाजूच्या एका काळ्या टोपीत शिरलेल्या. इतकं सोपं? एकेक कशाला काढायचं? आमच्या कामाची सवयच तशी. सगळ्या वस्त्या एका दिवशी जाग्या करायच्या, सगळी पत्रकं एका रात्रीत लावायची. मी तिन्ही वायरी प्लगवरून उपटल्या. अगदीच बेअक्कल नव्हते. आदल्या दिवशीच्या पत्रकाचे तुकडे फाडले, मागच्या कोऱ्या बाजूवर एक, दोन, तीन लिहिलं आणि बादलीत उरलेली खळ लावून एकेक तुकडा एकेका वायरीवर गुंडाळला. गव्हाच्या पिठाची खळ. हिच्यावर माझा पूर्ण विश्वास. कचेरीच्या भिंतीवर लावलेलं पत्रक पावसाळाभर हललं नव्हतं.

मग पाना घातला. पहिला प्लग हलेना. पाय रोवून दोन्ही हातांनी ओढलं, तेव्हा कट्ट करून सुटला. तो आवाज मी विसरणार नाही. पहिला काजळीनं काळाकुट्ट. दुसरा पेट्रोलनं ओला. तिसऱ्याच्या पांढऱ्या चिनीमातीला उभा तडा. सापडला! मी अंगणात एकटीच ओरडले. मोठमोठ्या चौकशी समित्यांना जे जमत नाही, ते मला वीस मिनिटांत जमलं होतं. नवे प्लग बोटांनी फिरवले. एकही अडला नाही. शेवटी पान्यानं बेतानं आवळले. हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि असं वाटत होतं की आता ट्रॅक्टर आणा, जेसीबी आणा.

तेवढ्यात मावशी आल्या. धुतलेलं लुगडं, प्लास्टिकच्या पिशवीत कागद. पायरीवर टेकल्या आणि गाडी का उघडी आहे ते त्यांनी विचारलं नाही. माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

मी वायरी लावायला वाकले. आकडे कुठं गेले? एक तुकडा इंजिनाच्या खाली पडलेला. दुसरा माझ्याच कोपराला चिकटलेला, त्यावर छापलेलं होतं 'आता माघार नाही'. तिसरा सापडलाच नाही. भिंतीवर पावसाळा काढणारी खळ तेलकट रबरावर पाव तासही टिकली नव्हती.

मी अंदाजानं वायरी दाबल्या आणि चावी फिरवली. गाडीनं फटाका फोडला. कोंबड्या माळवदावर गेल्या. मावशी म्हणाल्या, गाडीले खोकला झाला, काढा पाज. मी हसले नाही. अदलाबदल करून पुन्हा चावी. पुन्हा फटाका. असं करता करता साडेनऊ होऊन गेले होते. तालुक्याला जायला तास लागतो, शेअर जीप फक्त बाजाराच्या दिवशी येते, आणि ज्या एकमेव एसटीनं त्या गेल्या असत्या ती मीच सोडायला लावली होती. हजर नाही, तर निकाली. त्या गॅरेजवाल्याचं तोंड डोळ्यांसमोर आलं आणि मला पहिल्यांदा वाटलं, तो खरं बोलला.

"काऊन वं, चुप काऊन झाली?" मावशींनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. कोणती वायर कोणत्या प्लगची ते मलाच माहीत नाही, चाचांनी बजावलं होतं, माझी चूक झाली, तुमची तारीख माझ्यामुळं जाऊन राह्यली. त्या गुडघ्यावर हात देत उठल्या, बॉनेटला धरून आत वाकल्या आणि बराच वेळ नुसत्या पाहत राहिल्या. मग एक वायर उचलून सरळ धरली. दुसरी तिच्या शेजारी धरली.

"ह्या तिन्ही एका मापाच्या कुठं हायेत? ही आखूड, ही मधली, ही लांब. गोठ्यात लांब दावं लांबच्याच खुंट्याले असते ना. जवळच्याले बांधलं तं जनावर गुतते."

मी पाहिलं. वायर प्लगवर दाबायच्या नादात मी तिच्या लांबीकडं बघितलंच नव्हतं. लांब वायर जवळच्या प्लगला बसवून उरलेली मी कोंबून दिली होती. मावशींनी दाखवलं तशी लावली, तर प्रत्येक वायर आपल्या जुन्या जागेवर जाऊन स्वतःच बसली, कुठंच ताण नाही. चावी फिरवली. गाडी एका दमात लागली. झटका नाही, खोकला नाही, नुसती एकसारखी गुरगुर. मी स्टिअरिंगवर काळे हात आपटले. मावशी तोवर पुढच्या सीटवर बसल्या होत्या आणि दार ओढून घेत होत्या.

पुढचा तास मी गाडी चालवली, एवढंच म्हणणं कमी पडेल. ज्या चढावर ती शनिवारी मेली होती तिथं मी तिसऱ्या गिअरमध्ये गेले. फाट्यावर गॅरेजसमोर लांबलचक हॉर्न वाजवला. हा बालिशपणा होता. पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा वाजवीन.

अकराला सात मिनिटं कमी असताना पोचलो. कचेरीत पहिल्यांदा यंत्र डोळ्यांपुढं आलं तेव्हा मावशींनी डोळे घट्ट मिटले. बाबूनं चिडून सांगितलं, मावशी, उघडे ठेवा. दुसऱ्यांदा उघडे ठेवले, पाणी येईपर्यंत. यंत्रावर हिरवा दिवा लागला. नाव पुन्हा यादीत घेतल्याचा आणि अंगठ्याऐवजी डोळ्यांवरून धान्य द्यावं असा छापील कागद हातात आला. मी पुढच्या अर्जाचं बोलायला लागले, बंद काळातल्या धान्याचं काय, लेखी द्या वगैरे. मावशींनी माझा हात ओढला.

"ते मंग भांड. दुकान एकाले बंद होते. निंघ."

गाडी पुन्हा एका दमात लागली. पाऊण वाजता आम्ही गावच्या रेशन दुकानापुढं होतो. ओळीत सात-आठ बाया उभ्या होत्या. मावशींचे गुडघे बघून त्यांनी वाट दिली. दुकानदारानं सवयीनं अंगठ्याचं यंत्र पुढं सरकवलं. मावशींनी त्या यंत्रावरच कागद ठेवला.

"आधी हे वाच," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं वाच."

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी कागदाकडं बोट केलं. त्यानं वाचलं, नावासकट, नवऱ्याच्या नावासकट, शेवटच्या ओळीपर्यंत. मग डोळ्यांचं यंत्र आतून काढून आणलं. मावशींनी पिशवी झटकली आणि मी तिचं तोंड दोन्ही काळ्या हातांनी उघडं धरलं.