उतारावरची आंबट चेरी

हे निवृत्त झाले आणि आम्ही लंडनमधल्या स्टॅनमोरचं घर विकून केंटमधल्या एका खेड्यात राहायला आलो. माझे यजमान जन्मभर हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. "लोकांना झोपवून झोपवून कंटाळलो, आता काहीतरी जागं होताना बघायचंय," असं म्हणायचे. नवं घर काही खास नव्हतं, स्वयंपाकघरात ओल होती. पण मागच्या उतारावर आंबट चेरीची बाग होती. काळपट लाल, मोरेलो जातीची, तोंडात टाकली की डोळे आपोआप मिटणारी. एके काळी या भागात गावोगाव अशा बागा होत्या म्हणे. आता आंबट चेरी बाहेरच्या देशांतून बाटल्यांत भरून येते आणि इथल्या बागा काढून लोकांनी घोडे पाळलेत.

घर विकणारे गृहस्थ नव्वदीला टेकले होते. झाडं त्यांनी आणि त्यांच्या बायकोने मिळून लावलेली. ती गेल्यावर ते एकटेच बघत होते, पण आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून केअर होममध्ये चालले होते. आमच्याआधी आलेल्या एका गिऱ्हाइकाला उतार सपाट करून टेनिस कोर्ट करायचं होतं. त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

"झाडं ठेवाल ना?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"ठेवीन. शब्द देतो," हे म्हणाले.

झाडांच्या बाबतीत माणूस शब्द कसा देतो, असं माझ्या मनात आलं होतं. पण म्हाताऱ्याने ह्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

पहिला उन्हाळा फार सुंदर गेला. ही चेरी ओढून काढायची नाही, देठ कात्रीने कापायचा, नाहीतर पुढच्या वर्षीची फांदी दुखावते, हे आम्हाला त्या आजोबांनीच शिकवलं होतं. आम्ही दोघं शिडीवर चढून कापत होतो आणि खाली काळे पक्षी झाडांवर घातलेल्या जाळीला चोच मारत फिरत होते. स्टॅनमोरच्या मैत्रिणी आल्या. एकीने मीठ-तिखट लावून चेरी खाल्ली आणि म्हणाली, "अगं, हे तर करवंदाचं सख्खं भावंड!" मी चेरीचा रस काढून त्याचं सार केलं, कोकमाचं करतो तसंच, तुपाची फोडणी आणि गुळाचा खडा घालून. ह्यांनी वाटी तोंडाला लावून भुरके मारले. इतकी वर्षं गळ्यात टाय लावून जेवलेला माणूस! मुरांब्याची एक बरणी घेऊन आम्ही केअर होमला गेलो. आजोबांनी चमच्याने खाल्ला, वेलचीची चव लागताच जरा दचकले आणि मग हसून म्हणाले, "माझी बायको यात ब्रँडी घालायची."

त्यानंतर दर उन्हाळ्यात आम्ही त्यांच्याकडे जात राहिलो.

मग एका ओल्या वसंतात एका झाडाच्या अर्ध्या फांद्यांना पालवी आलीच नाही. खोडावर डिंकाचे तांबूस ओघळ दिसले. जी पानं आली त्यांना भोकं पडली, छर्रे मारल्यासारखी. ह्यांनी पुस्तकं आणली, उन्हाळ्यात रोगट फांद्या कापल्या, जाळल्या, करवत दरवेळी स्पिरिटने पुसली. ऑपरेशन थिएटरात वागावं तसं वागत होते. पुढच्या वर्षी शेजारच्या झाडाला डिंक आला. त्याच्या पुढच्या वर्षी सगळ्या रांगेला.

शेवटी फळझाडांची जाणकार बाई बोलावली. तिने खोडाची साल सुरीने उचलून आतला तपकिरी, कुजका भाग दाखवला. "यातलं एकही वाचणार नाही. आणि याच जागी पुन्हा चेरी लावू नका, धरणार नाही," ती म्हणाली. हे तिला पुन्हा पुन्हा विचारत राहिले, एखादं तरी? पेशंटचे नातेवाईक ह्यांना असंच विचारत असणार.

झाडं तोडायला माणसं आली. दुपारपर्यंत काम संपलं. हे समोरच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवून बसले होते.

आमची मुलगी कॉव्हेंट्रीला असते. तिचा फोन आला. "बाबा, सॉरी. पण तो झाड खूप ओल्ड होते ना? तुम्ही काय चूक नाही केला." तिच्या मोडक्या मराठीला हे नेहमी हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत, फोन माझ्या हातात दिला.

आजोबांना सांगायचं की नाही, यावर आमचं भांडण झालं.

"अहो, त्यांना कुठे दिसणार आहे? दुकानातली चेरी आणून मुरांबा नेऊ," मी म्हणाले.

"मी त्यांना शब्द दिला होता," एवढंच हे बोलले.

रिकाम्या हातांनीच गेलो. हे त्यांच्या खुर्चीजवळ बसले आणि सगळं सांगितलं. डिंक, फांद्या, ती बाई, सगळं. आजोबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रागावले नाहीत, रडलेही नाहीत. मग म्हणाले, "आता मला पडायचंय. तुम्ही निघा."

पुढच्या खेपेला दारातच नर्सने थांबवलं. "त्यांना तुम्हाला भेटायचं नाहीये. आय अ‍ॅम सो सॉरी," ती हळू आवाजात म्हणाली. हे "ऑफ कोर्स, ऑफ कोर्स" म्हणत मागे वळले. गाडीजवळ आल्यावर ह्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली. गाडी घरी मीच चालवत आणली.

त्या हिवाळ्यात आजोबा गेले. आम्हाला कोण कळवणार? गावातल्या दुकानात दूध घेताना दोघींचं बोलणं कानावर पडलं, तेव्हा अंत्यविधीही उरकला होता. मी घरी येऊन सांगितलं. ह्यांनी मान हलवली आणि स्वेटरचं बटण लावत राहिले. ते आधीच लावलेलं होतं.

आता हे मागच्या दाराने बाहेर पडतच नाहीत. औषध चालू आहे, डॉक्टर बदलून पाहिले, मुलगी येऊन आठवडाभर राहिली. कशाचाही उपयोग नाही. एप्रिलमध्ये मी हिय्या करून विचारलं, "तिथे मटार लावूया का? बटाटे तरी?"

"तू लाव," ते म्हणाले.

मी बियाणं आणलं होतं. लावलं नाही.